सुटा भुलोबा

माय भांडली नाही, तिथंच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

अकोल्याहून निघताना मी पूर्ण तयारीनिशी निघाले होते. तयारी म्हणजे कपड्यांची नाही, उत्तरांची. माय म्हणेल, "तुह्या अकोल्याचं ऊन मले सोसत नाही," तर मी म्हणणार, अमरावतीत काय बर्फ पडतो का? ती म्हणेल, "जावयाच्या घरी किती दिवस राहू?" तर मी म्हणणार, जावई आता स्वतःच म्हातारा झालाय, त्याला कोण विचारतं. गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही बाजूंनी भांडून घेतलं होतं. राजापेठेत घरी पोचले, पाणी प्यायले, आणि मायला कायमचं माझ्याकडे न्यायचा विषय काढला. माय भिंतीकडे पाहत म्हणाली, "बरं. कधी निघाचं?"

या बाईने जन्मात कोणाला एका दमात "बरं" म्हटलेलं नाही. भाजीवाल्याशी भांडली, गॅसवाल्याशी भांडली, माझ्या लग्नात मुहूर्त टळतो म्हणून भटजीशी भांडली. बाबा म्हणायचे, "तुही माय भांडून राह्यली ना, मंग तिची तब्येत चांगली हाये. ज्या दिवशी भांडनार नाही, त्या दिवशी डॉक्टरले बोलावजो."

बाबा चैत्रात गेले. तेव्हापासून ती अशीच होती म्हणे. शेजारच्या काकूंनी मला दाराशीच सांगितलं की तुझी आई दिवे लागले की दार लावून घेते. आमच्या घराचं दार! ज्या दारातून अर्धी गल्ली आतबाहेर करायची, ते दार दिवेलागणीला बंद. मला रडायलाच आलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. काय न्यायचं, काय ठेवायचं ते ठरवायचं होतं. फळीवरच्या मागच्या अंगाला हात घातला तर पितळी डबा लागला. कडीचा, झाकण घट्ट बसणारा. झाकण उघडायला मला अजूनही मायसारखाच तो पोटाशी धरावा लागला. आत काही नव्हतं, फक्त वास होता. गूळ, वेलची, जुनं खोबरं. मी झाकण लावलं आणि का कोण जाणे, डबा कानाशी नेऊन हलवला.

रिकामाच होता, वाजणार काय? पण त्या डब्याने मला जिथं न्यायचं तिथं नेलंच.

आमचा फुलांचा धंदा. शहराबाहेर थोडंसं वावर, त्यात झेंडू, शेवंती, गलांडा. माल पहाटे तोडायचा आणि राजापेठेच्या कोपऱ्यावर गोणपाट अंथरून बसायचं. तेव्हा तिथं ट्यूशन क्लास नव्हते, गाड्यांची ही गर्दी नव्हती. सायकली, रिक्षे आणि रेल्वेच्या फाटकाशी थांबलेले लोक. बाबा दिवसभर हार ओवायचे, वेण्या वळायचे, आणि संध्याकाळी त्यांच्या हाताला झेंडूच्या पानांचा तो हिरवा, कडवट वास यायचा. साबणाने जायचा नाही. मला तो बाबांच्या अंगाचाच वास वाटायचा. आजही दसऱ्याच्या बाजारात झेंडूचा ढीग दिसला की मी उगाच एक फूल चुरगाळते आणि फुलवाली माझ्याकडे रागानं बघते. बघू दे.

माझी वेणी बाबाच घालायचे. माय घाईची. तिनं वेणी घातली की अर्धे केस हातात आणि अर्धे डोळ्यात. बाबांच्या बोटांना धागा, सुतळी, केळीचं सोपट, काहीही वळायची सवय. ते मला पुढ्यात बसवायचे आणि वेणीचे पेड असे एकावर एक घालायचे की शाळा सुटली तरी वेणी सुटायची नाही. बाई विचारायच्या, "कोणी घातली गं?" मी सांगायची, "बाबांनी." सगळा वर्ग खिदळायचा. मला आपलं काही वाटायचं नाही. ज्यांच्या वेण्या दुपारी सुटतात त्यांनी काय हसायचं!

बाजारातले लोकही हसायचे. बाबा मायच्या आधी कधी जेवत नसत. माय बसली की मग ते बसायचे, मग रात्रीची भाकरी गार होवो की दगड होवो. शेजारचा नारळवाला त्यांना म्हणायचा, "काय भाऊ, बायकोच्या ताटाखालचं मांजर झाले तुमी." बाबा हार ओवता ओवता मान वर न करता म्हणायचे, "मांजर तं मांजर. दूध तं भेटते ना बाप्पा."

आणि मग भाद्रपदाची पौर्णिमा यायची. त्या दिवसापासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई. पुण्याकडे भोंडला असतो तसंच काहीसं, पण त्यांच्याकडे मधे हत्ती. आमच्याकडे हत्ती नाही, नवरा-बायको आहेत. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा. दोघांना पाटावर शेजारी शेजारी बसवायचं. दिवे लागले की गल्लीतल्या पोरी या घरून त्या घरी हिंडत गाणी म्हणायच्या. गाण्यात काय, सासूच्या कागाळ्या, नणंदेच्या कागाळ्या, नवऱ्याच्या तर भरपूर. आम्हाला अर्थ कळत नसे, पण आम्ही घसा फोडून म्हणायचो. गाणी संपली की घरची बाई खाऊचा डबा आणायची. झाकण बंद. डबा हलवायचा, कान लावायचा आणि खाऊ ओळखायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडणार नाही. शेंगदाण्याचे लाडू गडगडतात, वड्या खटखटतात, चिवडा खुळखुळतो. शिरा मुका असतो.

माय बार्शीटाकळीची. तिच्या माहेरी भुलाबाई फार थाटाची, आणि ती तिथून गाण्यांचं गाठोडं घेऊनच सासरी आली. ती डब्यात असं काही घालायची की पोरी रडकुंडीला यायच्या. आणि बाबांना ते बघवायचं नाही. ओसरीवरून खाकरायचे, खुणा करायचे. मग माय आतून ओरडायची, "तुमच्या पोटात एक गोष्ट राहत नाही! पोट्ट्याईले ओळखू द्या ना!"

ते सगळं एका बाजूला आणि त्या सालची गोष्ट एका बाजूला.

त्या साली बाबा नेहमीप्रमाणे कुंभारणीकडून जोडी घेऊन निघाले. सायकलच्या हँडलला पिशवीत भुलाबाई, आणि मागे कॅरेजवर, फुलांच्या टोपल्यात भुलोबा. फाटक बंद होतं म्हणून थांबले. तेवढ्यात एका बकरीला झेंडूचा वास आला. तिनं टोपल्यातला हार ओढला, हाराबरोबर टोपलं आलं, टोपल्याबरोबर भुलोबा. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या एका हातात धड आणि खिशात फेटा.

"हे काय केलं!" माय कपाळाला हात लावून खालीच बसली.

"बकरीनं केलं," बाबा म्हणाले.

"बकरीले काय बोलू! तुमाले त्याले मागं ठेवाले कोनं सांगतलं?"

"मंग काय तिले मागं ठेवतो? तिले डोळ्यासमोर ठेवलं, त्याले मागं. मानसानं मागंच बसाव."

बाबा तसेच पुन्हा कुंभारणीकडे गेले. तिच्याजवळ जोड्या होत्या, पण सगळ्या सांगून ठेवलेल्या. आणि एकटा भुलोबा मागितला तर ती म्हणे मी जोडी फोडत नाही. पाहिजे तर नवा घडवीन, वाळायला आठवडा लागेल. इकडे दिवेलागण झाली. पोरी दारात. मी रडून घर डोक्यावर घेतलेलं, आणि मायचं एकच, की एकटी भुलाबाई बसवत नसतात, नसतात म्हणजे नसतात.

बाबांनी हातपाय धुतले. धुवट धोतर नेसले. दोरीवरून मायचं हिरवं लुगडं ओढलं, डोक्याला गुंडाळून फेटा केला, आणि पाटावर, त्या वीतभर भुलाबाईच्या शेजारी मांडी घालून बसले. "झालं," म्हणाले. "बलाव पोट्ट्याईले."

मायला हसू आवरेना. मी तिला तशी हसताना पुन्हा फार थोड्या वेळा पाहिली. पदर तोंडात कोंबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. मग एकदम गंभीर होऊन तिनं बजावलं, "बसले तं बसा. पन बोलाचं नाही. देव बोलत नसते."

आम्ही गाणी म्हटली. नवऱ्याच्या कागाळ्या आल्या की आम्ही मुद्दाम भुलोबाकडे बोट करून म्हणायचो. भुलोबा मान खाली घालून ऐकायचा. मग डबा आला. हलवला. काही वाजेना. शिरा म्हटलं, नाही. खीर म्हटलं, नाही. बासुंदी, नाही. आम्ही दमलो. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहत, अगदी देवासारखं शांत तोंड ठेवून, हळूच एका हाताने दुसऱ्या हातातलं काहीतरी सोलल्यासारखं केलं.

"देव केळं सोलत नसते!" माय कडाडली.

पोरी एका सुरात ओरडल्या, "शिकरण!"

आणि अशा रीतीनं त्या दिवशीचा खाऊ मायनंच फोडला. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात कोणी चहाडी केली, कोणाचं गुपित बाहेर आलं, की बाबा म्हणायचे, देव केळं सोलत नसते.

आठवड्यानं कुंभारणीचा निरोप आला की भुलोबा तयार आहे. पण पोरी ऐकेनात. आम्हाला हाच पाहिजे म्हणे. मग काय, महिनाभर बाबा बसले. महिना कोणता, तर नवरात्र आणि दसऱ्याचा. फुलवाल्याचं वर्षाचं पीक त्या दिवसांत. कोपऱ्यावर गिऱ्हाइकांची ही रांग, आणि दिवे लागले की बाबा गोणपाट नारळवाल्याच्या हवाली करून उठायचे. "कुठी चालले?" लोक विचारायचे. "देवाची ड्युटी आहे," बाबा सांगायचे आणि सायकल मारत घरी यायचे. केसांत झेंडूच्या पाकळ्या, कपाळावर घाम. तसेच पाटावर.

मायनं त्या महिन्याचं सोनं केलं. भुलोबाला बोलायची मनाई, उठायची मनाई. पोरी यायच्या आधी ती समोर वाती वळत बसायची आणि वर्षभराचं साठलेलं सगळं काढायची. "गिऱ्हाईक सोडून येता, लाज नाही वाटत? मांगच्या साली माह्या भावाच्या लग्नाले उशिरा आले, मी इसरली नाही. छत गळून राह्यलं, कधी पाह्यनार? बोलू नका! देव हाये तुमी." बाबा गालात हसत ऐकायचे. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं. वाटतं कशाला, आवडायचंच.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला सगळी गल्ली तळ्यावर. बाबा भुलाबाईला हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले. त्यांनी तिला फार हळू सोडली. आम्ही काठावरून ओरडलो, "भुलोबा, तुमीही बुडा!" बाबांनी बुडी मारली. क्षणभर पाण्यावर नुसतंच हिरवं लुगडं पसरलेलं दिसलं आणि माय जोरात ओरडली. मग बाबा वर आले, नाकातोंडातून पाणी, आणि माय त्यांना म्हणाली, "असा खेळ पुन्ना करू नका."  घरी येईपर्यंत तिनं त्या ओल्या लुगड्याचं टोक सोडलं नाही.

दुसऱ्या सालापासून बाबांनी एक नवीच रीत पाडली. कुंभारणीकडे आधीच जाऊन सांगून ठेवायचे, एक जोडी आणि वरून एक भुलोबा सुटा. कुंभारीण म्हणायची, "काय हो भाऊ, तुमचा भुलोबा दर साली पडते का?" बाबा म्हणायचे, "पडत नाही. पन पडला तं?" माय वैतागायची. देव काय सायकलची ट्यूब आहे, एक जास्तीची जवळ ठेवायला? बाबा कोणाचं ऐकत नव्हते. जोडी पाटावर बसायची, सुटा भुलोबा कुठंतरी आत राहायचा, आणि कोजागिरी झाली की दिसेनासा व्हायचा. मी धरून चालले होते की ते कुंभारणीला परत देत असतील. लहानपणी माणूस कुठं चौकशा करतो.

मला अकोल्यात दिली तरी बाबांचं चुकलं नाही. माझी मुलगी गाणी म्हणण्याएवढी झाली तशी दर साली एसटीने एक जोडी आमच्याकडेही यायची. भुलाबाई टॉवेलात गुंडाळून बाबांच्या मांडीवर, भुलोबा सीटखाली पिशवीत. एकदा उतरले तर गुडघे धरून चालत होते. मी विचारलं तर म्हणाले, एका जागी बसलो ना, मांडी हलवली नाही, बाईले हादरे बसते.

ते मायला नावाने कधी हाक मारत नसत. "आयकलं का," एवढंच. नाव मी त्यांच्या तोंडून जन्मात एकदा ऐकलं, चिखलदऱ्याला. मायने थंड हवेचं ठिकाण म्हणजे काय असतं ते कधी बघितलं नाही म्हणून बाबांनी दुकान बंद ठेवून आम्हाला एसटीने नेलं होतं. तिथल्या कॉफीला माय म्हणाली, हे तं काढा आहे, आणि हॉटेलवाल्याशी वाद घातला. मग आम्ही दरीच्या कडेला गेलो आणि धुकं असं आलं की समोरचं माणूस दिसेना. माय दोन पावलं पुढे गेली होती. बाबा माझा हात आवळून एकदम ओरडले, "कौसल्या!" दरीतून तेच नाव परत आलं. धुक्यातून मायचा आवाज आला, "अठीच हावो मी. नाव काय घेता चारचौघांत!" परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं.

हे सगळं मी रिकामा डबा मांडीवर घेऊन आठवत बसले होते. तेवढ्यात दारात सृष्टी आली. समोरच्या घरातली, नववीत शिकणारी. पाठीला ट्यूशनची बॅग. आता पोरी गल्लीत हिंडत नाहीत. एका क्लासमधून सुटतात आणि दुसऱ्या क्लासला जातात. शेवटची काही वर्षं बाबा त्या क्लासच्या खालीच फुलांची गाडी लावायचे आणि मधल्या सुटीत पोरींना वळवून घरी आणायचे. दोन गाणी, खाऊ, पळा.

"आजी, उद्या पौर्णिमा आहे. आपली भुलाबाई कधी बसते?"

माय तिच्याकडे न पाहता म्हणाली, "यंदा नाही वं. मानूस गेलं तं वर्षभर सन करत नसतात. नवी मूर्त घरात आनत नसतात."

"पन आजोबा असते तर..."

"नाही ना ते!" माय म्हणाली. मग आवाज उतरला. "जोडीचा सन हाये बाई. मी एकटीनं काय बसवू?"

सृष्टी गेली. मायने उठून दार लावलं. बाहेर अजून उजेड होता. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, "लाव दार. कुलूपही लाव. असं किती दिवस बसणार आहेस?" मला वाटलं, आता भांडेल. तिनं फक्त विचारलं, "आपली ती मोठी सुटकेस कुठी हाये? भरून घेतो मी माहे लुगडे."

सुटकेस माळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेऊन चढले. जुने पंखे, एक मोडका स्टोव्ह, ती सुटकेस. सुटकेस ओढली तर तिच्यामागे गोणपाटाची एक लांबच लांब गुंडाळी. वाटलं, बाबांचं दुकानातलं गोणपाट असेल. टोक उलगडलं तर आतून एक मिशीवाला चेहरा माझ्याकडे बघत होता.

भुलोबा. त्याच्या शेजारी भुलोबा. त्याच्या शेजारी आणखी एक. गोणपाटात वाळकी झेंडूची पानं भरून, एकमेकांना धक्का लागू नये अशा बेतानं निजवलेले सगळ्या सालांचे सुटे भुलोबा. काहींचे फेटे गेरूचे, विटलेले. काहींचे ऑइलपेंटचे, चकचकीत. ते कुंभारणीच्या सुनेच्या हातचे असणार, तिच्या भुलोबांचे डोळे मोठे असतात. पाटावर बसायची पाळी एकाचीही आली नव्हती, म्हणून बाबांनी एकालाही पाण्यात सोडलं नव्हतं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी स्टुलावर उभी राहून माळ्याच्या कडेवर डोकं टेकवून ढसाढसा रडले. त्या पानांना अजून वास होता. अगदी थोडा, पण होता.

"काय झालं वं? पडली काय?" माय खालून म्हणाली.

मी एकेक भुलोबा खाली दिला. ती घेत गेली आणि जमिनीवर मांडत गेली. सगळे उतरले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओळ झाली होती. माय मधोमध उभी. एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला.

आणि तिनं तोंड सोडलं.

"पाह्यलं! पाह्यलं या मानसाचं! मी म्हनो, कुंभारनीले वापस देत असन. निरा येडा मानूस! घरात पाय ठेवाले जागा नाही आन माळ्यावर गाव वसवलं! तू माळ्यावर चढू नको म्हने, गुडघे दुखतीन तुहे म्हने! गुडघ्याची काळजी व्हय का ही? मले तवाच सांगतलं असतं तं काय मी खाऊन टाकत होती याईले?" ती त्या रिकाम्या खोलीत, बाबांच्या खुर्चीकडे बोट नाचवून भांडत होती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. कानाला किती बरं वाटत होतं ते काय सांगू.

भांडता भांडता ती थांबली. ओळ पुन्हा एकदा नीट पाहिली.

"यात भुलाबाई एकही नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मी इचारलं होतं त्याईले एक डाव. म्हनलं, सुटा भुलोबा आनता, सुटी भुलाबाई काहून नाही आनत? तिले बकरी पाडत नाही का? तं म्हने, भुलोबा बाजारात गंज भेटते, पाह्यजे तेवढे. भुलाबाई दुसरी कुठून आनू?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? म्हनलं, मले भांडे घासाचे हायेत, गोष्टी सांगू नका."

ती खाली बसली. ओळीतला पहिला, सगळ्यात विटलेला भुलोबा तिनं उचलला आणि पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसायला लागली. कपाळ, नाक, मिशी. त्या सालच्या पुढच्या सालचा असणार तो. ती बराच वेळ पुसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते मात्र तिनं पुसलं नाही.

दुपारी मला झोप लागली. जाग आली ती भाजल्याच्या वासाने. स्वयंपाकघरात डोकावले तर माय कढईसमोर, आणि पाठ माझ्याकडे.

"अंदर येऊ नको," ती म्हणाली. "काय केलं ते पाह्यशीन आन फोडशीन. बापावर गेली तू."

"माय, सुटकेस..."

"चढवून ठेव वर. कोजागिरीपर्यंत मले अकोल्याचं नाव सांगू नको. तुह्या त्या अकोल्यात कसं ऊन असते, मले मालूम नाही का?"

"अमरावतीत काय बर्फ पडतो?" मी म्हटलं. जन्मात इतक्या आनंदानं मी कोणाशी भांडले नव्हते.

दिवे लागायच्या सुमाराला मीच दार सताड उघडलं आणि सृष्टीला हाक मारली. ती क्लासच्या मैत्रिणींना घेऊन आली. पाठीला बॅगा, हातात मोबाईल, एकीची स्कूटी दारातच आडवी. समोर पाट मांडलेला, समई लावलेली. पाटाच्या एका बाजूला तो जुना भुलोबा, फेट्याचा रंग उडालेला, पण ताठ. दुसरी बाजू रिकामी.

पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. सृष्टीने विचारलं, "आजी, भुलाबाई कुठंय?"

"नवी मूर्त आनत नसतात म्हनलं ना तुले," माय आतून म्हणाली. ती पदराला हात पुसत बाहेर आली, पितळी डबा माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकली आणि पाटावर, भुलोबाच्या शेजारी बसली. पाट तिला अपुरा पडत होता. तिनं मान वळवून त्या वीतभर मातीच्या माणसाकडे पाहिलं.

"सरका थोडे," ती त्याला म्हणाली, आणि दोन बोटांनी त्याला अलगद बाजूला सारून मांडी नीट घातली.

मग पोरींकडे पाहून ओरडली, "काय पाहून राह्यल्या वं? म्हना ना!"